पाकिटावर घरचाच पत्ता: ऐरोलीतल्या एका मसाल्याच्या धंद्याचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या वहिनींचं आहे आणि त्यांना विचारूनच लिहितोय. ब्रँडचं नाव देत नाही, कारण जाहिरात करायची नाहीये. मी स्वतः एका कंपनीत परचेसला आहे, नवीन व्हेंडरचे, म्हणजे माल देणाऱ्यांचे, कागद तपासणं हे माझं रोजचं काम, आणि घरातलाच धंदा कागदांवर अडकला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं की आपण एवढे दिवस यात लक्ष का घातलं नाही.

वहिनी ऐरोलीला राहतात, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि कुळथाचं पीठ असा माल. भाजणं, निवडणं घरी, दळण सेक्टरमधल्या गिरणीत आणि मसाला डंकनवर, म्हणजे मसाला कांडून देतात तिथे. धणे, खोबरं, दगडफूल, मिरची हे सगळं वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून, दादा रविवारी स्कूटरवर घेऊन येतो. माल उत्तम, त्यात वादच नाही. चार वर्षं नुसत्या तोंडी प्रसिद्धीवर चाललं होतं, साध्या पिशवीत भरायचं, मेणबत्तीवर तोंड चिकटवायचं, वर मार्करने नाव.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये स्टेशनजवळच्या आयटी पार्कमधल्या एका ऑफिसातून दिवाळीच्या १५० बॉक्सची विचारणा आली. तिथल्या अ‍ॅडमिनच्या बाई वहिनींच्याच गिऱ्हाईक, त्यांच्या घरी दोन वर्षं ही भाजणी जात होती, त्यांनी स्वतःहून शब्द टाकला होता. सॅम्पल आवडलं, भाव ठरला, आणि मग ईमेलवर व्हेंडर फॉर्म आला. पॅन, कॅन्सल चेक, एफएसएसएआय नंबर (खाण्याच्या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा), उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं), जीएसटी नंबर किंवा नसल्याचं डिक्लरेशन, लेटरहेडवर कोटेशन. वहिनींकडे यातलं फक्त पॅन होतं. चेक होता तो दादाच्या सेव्हिंग अकाउंटचा. त्या बाईंनी फोन करून सांगितलं की ताई, माल तुमचाच हवा होता पण अकाउंट्सवाले पुढे जाऊच देत नाहीयेत. ऑर्डर गेली. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, हातात तीन आठवडे होते आणि तेवढ्यात काही होण्यासारखं नव्हतं.

ही ऑर्डर गेली याचा धक्का बसला आणि मग घाई झाली, आणि खरं नुकसान त्या घाईत झालं. पुढच्या दोन महिन्यांत वहिनींनी धंदा मोठा "दिसावा" म्हणून जे जे कुणी सुचवेल ते केलं. मला हे नंतर कळलं.

एका एजंटने वाशीतलं व्हर्च्युअल ऑफिस दिलं, म्हणजे नुसता पत्ता, महिन्याला हजार रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. लोगो करणाऱ्या मुलाने नावाशेजारी गोलातला आर टाकला कारण तो छान दिसतो. कुणीतरी म्हणालं नावापुढे प्रा. लि. लावा, वजन येतं. एका वेबसाइटवर उद्यमसाठी २,४९९ रुपये भरले. आणि या सगळ्यासकट २,००० लेबलं छापून आली, ३,४०० रुपयांची, चकचकीत, सोनेरी कडेची.

मी दिवाळीनंतर घरी गेलो तेव्हा वहिनींनी कौतुकाने ती लेबलं दाखवली. मी लेबल हातात घेऊन वाचत होतो आणि काय बोलावं कळेना, कारण एवढ्याशा कागदावर तीन गोष्टी खोट्या होत्या आणि वहिनींसारखं सरळ माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

एकेक सांगतो, कारण हे खूप घरांत होतंय.

गोलातला आर फक्त नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कलाच लावता येतो. नोंदणी नसताना लावला तर ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०७ खाली कारवाई होऊ शकते. अर्ज केला असेल किंवा नुसता हक्क सांगायचा असेल तर टीएम लिहा, त्याला कुणी अडवत नाही. अर्जाची फी व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका वर्गाला, ४,५०० रुपये, मसाले आणि पिठं क्लास ३० मध्ये येतात. प्रा. लि. चं तर विचारूच नका, कंपनी नसताना ते शब्द वापरले तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५३ प्रमाणे दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड आहे, दिवसाला. वहिनींचा धंदा म्हणजे प्रोप्रायटरशिप, एका माणसाच्या मालकीचा, आणि त्यात कमीपणा कसलाच नाही. आमच्या कंपनीला माल देणाऱ्यांत निम्मे प्रोप्रायटरच आहेत.

वाशीच्या पत्त्याचा घोळ सगळ्यात मोठा. खाण्याच्या वस्तूचं रजिस्ट्रेशन जिथे माल बनतो त्या जागेचं असतं. पाकिटावरही बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता लागतो. माल ऐरोलीच्या स्वयंपाकघरात बनतोय आणि पाकीट सांगतंय वाशी. उद्या कुणी इन्स्पेक्शनला आलं तर काय दाखवणार, रिसेप्शनचं टेबल?

यावर वहिनी जे बोलल्या ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणाल्या, "भाऊजी, फ्लॅट नंबर छापला की लोकांना वाटतं बाई घरात बसून काहीतरी करतेय."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही घरातच करताय आणि लोक त्यासाठीच घेतायत. पण पत्ता खोटा निघाला ना, तर मसालाही खोटा वाटेल."

हे मी बरं वाटावं म्हणून बोललो नव्हतो. माझ्या टेबलावर रोज जे फॉर्म येतात त्यात छोटा व्हेंडर मी कधीच छोटा म्हणून नाकारत नाही. पॅनवर एक नाव, बँकेत दुसरं, बिलावर तिसरं, पत्ता चौथा, असं असलं की मी फाईल बाजूला ठेवतो, मग लेटरहेड कितीही भारी असू दे. सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता, एकच माणूस उत्तर द्यायला, एवढं असलं की आम्हाला बाकी फारसं बघावं लागत नाही. व्यावसायिक दिसणं म्हणजे माझ्या लेखी हेच.

तर सगळं परत पहिल्यापासून केलं. लेबलं रद्दीत. व्हर्च्युअल ऑफिस बंद, त्याचे पैसे परत आले नाहीत.

एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन आधी. तेव्हाच्या नियमाने वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, साधं बेसिक रजिस्ट्रेशन पुरतं, वर्षाला १०० रुपये फी आणि एकदम पाच वर्षांपर्यंतचं घेता येत होतं. फॉसकॉसवर, म्हणजे एफएसएसएआयच्या पोर्टलवर, दादाच्या मुलीनेच भरलं, फोटो, आधार, जागेचा पुरावा. याच कामाचे एका माणसाने ५,००० मागितले होते. आणि ओळखीच्या एका दुकानदाराने प्रेमाने सुचवलं होतं की माझाच नंबर टाका पाकिटावर, कोण बघतंय. बघतात हो. तो १४ आकडी नंबर कुणीही ऑनलाइन टाकून कुणाच्या नावावर आहे ते बघू शकतं, मी स्वतः बघतो. पहिल्या आकड्यावरूनच कळतं, १ असेल तर लायसन्स आणि २ असेल तर रजिस्ट्रेशन, पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे १५. घरगुती धंद्याच्या पाकिटावर ११५ ने सुरू होणारा नंबर दिसला की मी आधी तो तपासतोच. वहिनींचा २१५ ने सुरू होतो आणि तो त्यांच्या नावावर, त्यांच्या फ्लॅटच्या पत्त्यावर आहे.

उद्यमचं प्रकरण जास्त चीड आणणारं. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, सरकारी पोर्टलवर पूर्णपणे फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, कागद अपलोडसुद्धा करावे लागत नाहीत. पैसे घेणाऱ्या साइट सरकारी वाटाव्यात अशाच बनवलेल्या असतात. पण २,४९९ गेले त्यापेक्षा वाईट हे की त्या लोकांनी अ‍ॅक्टिव्हिटी ट्रेडिंग टाकली होती, किराणा मालाची किरकोळ विक्री. सर्टिफिकेट आलं, वहिनी खूश, कुणाच्या लक्षात आलं नाही. आता यात फरक काय पडतो तर खूप पडतो. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत करायचं बंधन आहे, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच) आल्यावर मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. त्यामुळे अकाउंट्सवाले आता उद्यमवाल्या छोट्या व्हेंडरची बिलं अडवायला कचरतात, हे मी रोज बघतोय. पण हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्याला नाही, ट्रेडिंगवाल्याची नोंदणी बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे स्वतः भाजून, दळून, भरून माल बनवणारी बाई कागदावर व्यापारी झाली होती. आम्ही पोर्टलवर बसून दुरुस्ती केली, मसाले दळणे आणि प्रक्रिया करणे, एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक, १०७९५. तेही फुकट. आपलं सर्टिफिकेट आलं की पहिलं कुठलं पान बघायचं असेल तर हेच, अ‍ॅक्टिव्हिटीचं.

शॉप अ‍ॅक्टचं फार काही नव्हतं, २०१७ च्या दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात तेव्हा १० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. दिली, पावती आली.

मग करंट अकाउंट. प्रोप्रायटरशिपच्या नावाने खातं उघडायला बँक साधारण धंद्याचे दोन पुरावे मागते, उद्यम आणि शॉप अ‍ॅक्टची पावती यावर काम झालं. मिनिमम बॅलन्सचा त्रास आहे, वहिनींनी कुरकुर केली. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितलेली सांगतो. आधी दादर-ठाण्याच्या प्रदर्शनांत टेबल लावायचे तेव्हा क्यूआर दादाच्या खात्याचा असायचा. एक आजी आल्या, मेतकूट हुंगून बघितलं, दोन पाकिटं घेतली, नातवाने फोनवर स्कॅन केलं आणि स्क्रीनवर पुरुषाचं भलतंच नाव आलं. त्याचा अंगठा तिथेच थांबला. "आजी, हे दुसऱ्याच कुणाचं नाव येतंय," म्हणाला. वहिनी समजावत बसल्या की मिस्टरांचं आहे, मिस्टरांचं आहे. त्यांनी रोख दिले शेवटी. आता स्कॅन केलं की पाकिटावरचंच नाव येतं आणि कुणी वर बघतसुद्धा नाही.

जीएसटी घेतला नाही. मालासाठी आपल्याकडे मर्यादा ४० लाखांची आहे, वहिनी त्याच्या जवळपासही नाहीत. पण त्या एजंटने दिलेल्या बिलाच्या नमुन्यात खाली ५ टक्के जीएसटीची ओळ होती आणि वहिनींना वाटलं ती असतेच बिलात. नोंदणी नसलेल्या माणसाने जीएसटी वसूल करणं हे कायद्याच्या विरुद्ध आहे, कलम ३२. नशिबाने तसं एकही बिल बाहेर गेलं नव्हतं. आता साधं बिल, क्रमांक, तारीख, दोघांची नावं-पत्ते, माल, वजन, दर, आणि खाली एक वाक्य की विक्रेत्याची जीएसटी नोंदणी नाही. नंबर ००१ पासून ओळीने. हे ओळीने असणं महत्त्वाचं आहे, आम्ही बघतो ते.

लेबलवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. नाव, निव्वळ वजन, एमआरपी सर्व करांसहित, ग्रॅमला किती पडतं तो भाव, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच नंबर, शाकाहारी असल्याचा चौकोनातला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा लोगो आणि नंबर, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, घरचा पूर्ण पत्ता. पाकीटबंद माल विकायचा म्हणजे वैध मापन शास्त्राकडे, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, पॅकर म्हणून नोंदणीही आली, ५०० रुपये फी. आणि काटा. वहिनींकडे ऑनलाइन घेतलेला स्वयंपाकघरातला काटा होता, त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंच होतं की व्यापारासाठी नाही. मुद्रांकित, म्हणजे तपासणीचा सरकारी शिक्का असलेला, काटा घेतला. जुन्या काट्यावरची २०० ग्रॅमची पाकिटं नव्यावर ठेवली तर १९४, १९५ भरली. वहिनींचा चेहरा उतरला, चार वर्षं आपण लोकांना कमी दिलं की काय म्हणून दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. तेव्हापासून २०५ भरतात.

आणि घटक पदार्थांची यादी करताना हिंग निघाला. गोड्या मसाल्यात गहू नाही असं आम्ही सगळे छातीठोक सांगत होतो. हिंगाची डबी उलटी करून वाचली तर त्यात मैदा. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग म्हणजे डिंक आणि पीठ घालून बनवलेला असतो, शुद्ध खडा हिंग तो नाही. ज्याला गव्हाचं पथ्य आहे अशा माणसाला आपण बेधडक सांगत होतो की खा. म्हणून आता मसाल्याच्या पाकिटावर "गहू आहे" असं वेगळं लिहिलंय, मेतकूट आणि भाजणीवर तर आहेच. नियमात अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची ही सूचना सक्तीची आहे, पण नियम नसता तरी वहिनींनी लिहिलंच असतं त्या दिवसानंतर.

किती दिवस टिकतो हेही आधीच्या लेबलवर "१ वर्ष" होतं, मोठ्या ब्रँडचं बघून. पण गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ, तेल सुटतं, खवट होतो. प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट कपाटात ठेवून दर महिन्याला उघडून बघितलं, लॅबमधून एक तपासणी करून घेतली आणि मसाल्याला चार महिने लिहिले. "१०० टक्के नैसर्गिक" काढून टाकलं. असल्या शब्दांना २०१८ पासून एफएसएसएआयचे वेगळे नियम आहेत, आणि नाहीतरी त्या ओळीपेक्षा तारीख खरी असणं जास्त उपयोगाचं.

पत्त्याची भीती मात्र खरी होती, ती मी हसण्यावारी नेली नाही. वहिनी दुपारी घरी एकट्या असतात, कुणीही येऊन बेल वाजवेल. पाकिटावर पत्ता टाळता येत नाही, पण गूगलवर बिझनेस टाकताना आपण गिऱ्हाईक घरी घेत नसू तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल पोचवतो ते दाखवता येतं, तसं केलं. वेगळं सिमकार्ड, त्यावर बिझनेस व्हॉट्सअ‍ॅप, सकाळी १० ते संध्याकाळी ७, त्यानंतर आपोआप जाणारा निरोप. डोमेन घेतलं, वर्षाला काही शे रुपये, त्यावर ईमेल. सोसायटीलाही लेखी पत्र दिलं की अमुक काम करतो, दळण बाहेर, कुरिअर गेटवरच. सेक्रेटरी काकांची एकच अट, मिरच्या घरी भाजायच्या नाहीत कारण तिसऱ्या मजल्यापर्यंत ठसका जातो. ते रास्त होतं. मिरच्या आता डंकनवरच भाजून घेतात. त्या पत्राची पोच वहिनींनी फाईलमध्ये ठेवलीये आणि गंमत नाही, खरंच सांगतो, त्या पोचेनंतर त्या बिल्डिंगमध्ये मोकळेपणाने पिशव्या घेऊन चढायला लागल्या.

एकूण खर्च, चुकीच्या वाटेवर साधारण ९,००० गेले. बरोबर वाटेवर सरकारी फी सगळी मिळून हजाराच्या जवळपास, बाकी काटा, लेबलं, लॅब, सीलिंग मशीन हे वेगळं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच अ‍ॅडमिनच्या बाईंना वहिनींनी स्वतः फोन केला, मी करणार होतो पण त्या म्हणाल्या नको, माझा धंदा आहे. फॉर्म आला, संध्याकाळी भरून परत गेला. १२० बॉक्सची ऑर्डर मिळाली, तीसने कमी, कारण ऑफिसात माणसं कमी झाली होती. पेमेंट ३१ व्या दिवशी आलं.

आणि मग डिसेंबरात एक फोन आला. ठाण्याहून, नौपाड्यातून, एक बाई म्हणाल्या गोडा मसाला खवट लागतोय. पूर्वी वहिनी घाबरल्या असत्या, नुसतं सॉरी म्हणून एक नवीन पाकीट पाठवलं असतं आणि मनात झुरत बसल्या असत्या. या वेळी त्यांनी बॅच नंबर विचारला. वही काढली. त्या बॅचचं खोबरं कुठल्या दिवशी आणलं, कुणाकडून, किती पाकिटं भरली, कुणाकुणाकडे गेली, सगळं लिहिलेलं. कपाटातलं ठेवलेलं पाकीट उघडलं, हुंगलं, आणि म्हणाल्या, हो, खरंय. ४२ पाकिटं होती त्या बॅचची, ११ घरात होती ती बाजूला काढली, बाकी ३१ जणांना दोन दिवस बसून फोन केले. १९ जणांनी आधीच संपवलं होतं, ७ जणांनी बदलून घेतलं आणि उरलेल्यांनी सांगितलं की आम्हाला काही जाणवलं नाही, राहू दे. नौपाड्याच्या बाईंकडे दादा स्वतः पाकीट घेऊन गेला. त्यांनी जुनं पाकीट परत देताना पत्त्यावर बोट ठेवून विचारलं की ऐरोलीत हे सेक्टर म्हणजे नक्की कुठे, आमची लेक तिथेच राहते.